अश्वशक्तीचा दावा आणि अश्वशक्तीचे मोजमाप : अमेरिकेतील मोटार-सुधारणा व्यवसायाचा ऐतिहासिक अभ्यास (१९३२ ते २०२०)

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील अमेरिकन समाजजीवनावर मोटारीइतका खोल ठसा क्वचितच दुसऱ्या एखाद्या यंत्राने उमटविला असेल. मोटार हे प्रवासाचे साधन तर होतेच, परंतु त्याचबरोबर ते प्रतिष्ठेचे, तारुण्याचे आणि तांत्रिक कौशल्याचे प्रतीकही बनले. या प्रतीकाचे मूल्य ज्या एका आकड्यात सांगितले जाऊ लागले तो आकडा म्हणजे अश्वशक्ती होय. कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारीला वेगळा एअर फिल्टर, वेगळी हवा-नलिका, वेगळा कार्बोरेटर किंवा संगणकीय ट्यूनिंग यांची जोड दिल्यास तिची अश्वशक्ती वाढते, हा दावा गेली सात-आठ दशके सातत्याने केला जात आहे. या दाव्याभोवती एक मोठा व्यवसाय उभा राहिला.

हा दावा खरा की खोटा, असा प्रश्न सामान्यतः अभियांत्रिकीचा मानला जातो. तथापि, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कालखंडात बदलत गेले आहे. ते का बदलले, हे समजण्यासाठी इंजिनाच्या रचनेबरोबरच मोजमापाच्या पद्धतींचा, जाहिरातींचा आणि कायद्याचा इतिहास पाहावा लागतो. प्रस्तुत शोधनिबंधात या इतिहासाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) अश्वशक्ती या परिमाणाचा व्यापाराशी असलेला संबंध तपासणे.
२) अमेरिकेतील मोटार-सुधारणा व्यवसायाच्या उदयाची कारणे शोधणे.
३) हवा-नलिका व ट्यूनिंग यांमुळे शक्ती वाढते या दाव्याची कालखंडनिहाय चिकित्सा करणे.
४) या दाव्याचे सार्वजनिक आरोग्य व कायदा यांवर झालेले परिणाम अभ्यासणे.

गृहीतक :

मोटार-सुधारणेमुळे मिळणारा लाभ हा मूळ मोटारीत कारखान्याने किती शक्ती शिल्लक ठेवली आहे यावर अवलंबून असतो. आणि जसजशी ही शिल्लक कमी होत गेली तसतसा दावा मोजमापाच्या त्रुटीत लपू लागला.

अश्वशक्ती : विक्रीसाठी जन्मलेले परिमाण

अश्वशक्ती हे परिमाण प्रयोगशाळेतून नव्हे, तर बाजारपेठेतून आले. जेम्स वॅट याने १७८० च्या दशकात आपली वाफेची इंजिने विकताना ती किती घोड्यांचे काम करतील हे गिऱ्हाइकाला समजावे म्हणून मिनिटास ३३,००० फूट-पौंड असे प्रमाण ठरविले. आजच्या भाषेत ते सुमारे ७४६ वॅट भरते. युरोप खंडात रूढ झालेली मेट्रिक अश्वशक्ती मात्र सुमारे ७३५.५ वॅटची आहे. म्हणजेच एकाच नावाची दोन मापे जगात नांदत आहेत. विक्रेत्याने दिलेले आश्वासन आणि यंत्राने केलेले काम यांत अंतर पडू नये यासाठी शक्ती मोजण्याची साधने निर्माण झाली. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये घर्षणावर आधारित ब्रेक तयार केला, तर इंग्लंडमध्ये विल्यम फ्राउड याने १८७७ मध्ये पाण्यावर चालणारा डायनॅमोमीटर बनविला. दावा आधी आणि मापन नंतर, हा क्रम या इतिहासात वारंवार दिसून येतो.

कॅलिफोर्नियातील तरुण आणि फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन (१९३२ ते १९५०)

१९३२ मध्ये फोर्ड कंपनीने सामान्य ग्राहकाला परवडेल असे आठ सिलिंडरचे इंजिन बाजारात आणले. २२१ घन इंच क्षमतेच्या या इंजिनाची शक्ती सुरुवातीस ६५ अश्वशक्ती होती. जुन्या झालेल्या या मोटारी अत्यल्प किमतीत मिळू लागताच दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण कारागिरांनी त्या विकत घेऊन त्यांत फेरफार सुरू केले. म्यूरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर त्यांच्या शर्यती होत. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनची स्थापना झाली. येथे दाव्याची परीक्षा घड्याळ घेत असे. ठरावीक अंतर किती सेकंदांत कापले, यावरून सुधारणा खरी की खोटी हे सर्वांदेखत ठरत असे.

या काळातील सुधारणा खरोखरच परिणामकारक होत्या, असे म्हणावे लागते. त्याचे कारण इंजिनाच्या मूळ रचनेत आहे. पेट्रोल इंजिन हे मूलतः हवा ओढणारे यंत्र होय. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. त्यामुळे सिलिंडरमध्ये जितकी हवा भरली जाईल तितकीच शक्ती मिळू शकते. फोर्डचे इंजिन स्वस्त व टिकाऊ असावे म्हणून त्याला एकच लहान कार्बोरेटर, अरुंद मार्ग आणि कमी दाबगुणोत्तर दिले होते. व्हिक एडलब्रॉक याच्यासारख्या कारागिरांनी दोन कार्बोरेटर बसविता येतील असे इन्टेक मॅनिफोल्ड घडविले तेव्हा इंजिनाच्या श्वासमार्गातील मोठा अडथळा दूर झाला. कारखान्याने शक्ती शिल्लक ठेवली होती. ती कारागिराने बाहेर काढली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या हौसेचे व्यवसायात रूपांतर झाले. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन याने ‘हॉट रॉड’ हे मासिक सुरू केले. १९६३ मध्ये सुटे भाग बनविणाऱ्यांनी स्पीड इक्विपमेंट मॅन्युफॅक्चरिंग असोसिएशन ही संघटना स्थापन केली. सरोवराच्या तळावरील घड्याळाची जागा आता मासिकातील जाहिरातीने घेतली. ग्राहक आणि कारागीर यांच्यातील प्रत्यक्ष परिचय संपला आणि ग्राहकाला आकड्यावर विश्वास ठेवण्यावाचून पर्याय उरला नाही. ही घटना या इतिहासातील पहिले निर्णायक वळण ठरते.

कारखान्यांची अश्वशक्ती-स्पर्धा आणि १९७२ चा बदल

१९५० च्या दशकात खुद्द मोटार कंपन्यांमध्येच अश्वशक्तीची स्पर्धा सुरू झाली. जून १९५७ मध्ये ऑटोमोबाईल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने शर्यतीतील सहभाग व वेगाच्या जाहिराती यांपासून दूर राहण्याचा ठराव केला, परंतु तो फार काळ पाळला गेला नाही. या स्पर्धेतील आकडे ‘ग्रॉस’ म्हणजे स्थूल अश्वशक्तीचे होते. चाचणी-मंचावर ठेवलेल्या इंजिनाला एअर फिल्टर नसे, मोटारीत बसणारा सायलेन्सर नसे, अनेक सहायक यंत्रे जोडलेली नसत, आणि प्रज्वलनाची वेळ जास्तीत जास्त शक्ती मिळेल अशी लावलेली असे. ग्राहकाच्या हाती पडणारी मोटार व जाहिरातीतील इंजिन यांत मोठी तफावत होती.

१९७१ मध्ये जनरल मोटर्सने स्थूल आणि ‘नेट’ म्हणजे निव्वळ असे दोन्ही आकडे प्रसिद्ध केले. त्या वर्षीच्या शेव्हरोले कॉर्व्हेट मोटारीच्या ३५० घन इंची मूळ इंजिनाची स्थूल शक्ती २७० तर निव्वळ शक्ती २१० अश्वशक्ती होती. इंजिन तेच, वर्ष तेच, फरक मात्र ६० अश्वशक्तीचा. १९७२ च्या मॉडेलपासून अमेरिकन कंपन्यांनी निव्वळ आकडाच देण्यास प्रारंभ केला. याच सुमारास शिसेविरहित पेट्रोलची तयारी म्हणून दाबगुणोत्तर कमी करण्यात आले होते आणि प्रदूषण-नियंत्रणाची साधनेही बसविली जात होती. या दोन घटना एकाच वेळी घडल्यामुळे जनमानसात असा समज पसरला की, सरकारी नियमांनी मोटारीची शक्ती हिरावून घेतली. प्रत्यक्षात घटीचा मोठा भाग केवळ मोजण्याच्या पद्धतीतील बदलामुळे आलेला होता.

सुधारणा-व्यवसायाला या समजाचा मोठा लाभ झाला. ‘हरवलेली’ शक्ती परत मिळवून देण्याचे आश्वासन विकले जाऊ लागले. परंतु स्थूल व निव्वळ यांतील साठ अश्वशक्ती काही एअर फिल्टरच्या डबीत अडकून पडलेली नव्हती. पंखा, जनित्र, सायलेन्सर, प्रज्वलनाची वेळ या सर्वांचा तो एकत्रित हिशेब होता. केवळ फिल्टर बदलून तो भरून निघणे शक्य नव्हते.

हवा-नलिकेच्या दाव्याची चिकित्सा

हवा-नलिका बदलल्याने शक्ती वाढते या दाव्यामागे तीन वेगवेगळी कारणे दिली जातात. त्यांचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

पहिले कारण वेगामुळे हवा दाबाने आत शिरते, हे होय. १९६५ मध्ये पॉन्टिअॅक जीटीओ या मोटारीसाठी ‘रॅम एअर’ या नावाने असे साहित्य विकले गेले. साधा हिशेब केला तर, ताशी १०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या हवेचा गतिज दाब वातावरणीय दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. ताशी २०० किलोमीटर वेगालाही तो दोन टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही. शहरातील रस्त्यावर या परिणामाला जवळपास काहीच अर्थ उरत नाही.

दुसरे कारण थंड हवेचे. थंड हवा अधिक घन असते हे निर्विवाद आहे. बॉनेटखालील ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेऐवजी बाहेरील ३० अंशाची हवा मिळाल्यास तिची घनता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. तथापि, सिलिंडरपर्यंत जाताना हवा पुन्हा तापते. त्यामुळे अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनीअर्स या संस्थेच्या दुरुस्तीसूत्रात शक्ती तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरली जाते. त्यानुसार वरील उदाहरणातील लाभ सुमारे ५ टक्के होतो. परंतु मूळ मोटार बॉनेटखालची गरम हवा ओढत असेल तरच हा लाभ मिळतो. कारखान्याने आधीच बाहेरील हवेची सोय केलेली असेल तर उघडा फिल्टर बसविल्याने उलट गरम हवाच आत जाते आणि शक्ती घटू शकते.

तिसरे कारण अडथळा कमी होण्याचे. समजा, मूळ फिल्टर व नलिका यांमुळे पूर्ण थ्रॉटलवर हवेचा दोन टक्के दाब खर्ची पडतो. हा अडथळा संपूर्णपणे नाहीसा केला तरी लाभ साधारण दोन टक्क्यांच्या आसपासच राहील. १५० अश्वशक्तीच्या मोटारीत तो तीन अश्वशक्तीचा भरतो. शिवाय नेहमीच्या वाहन चालविण्यात थ्रॉटलची झडप अर्धवट मिटलेली असते. तेव्हा हवेला मुख्य अडथळा त्या झडपेचाच असतो, फिल्टरचा नव्हे.

या संदर्भात अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उल्लेखनीय आहे. आधुनिक संगणक-नियंत्रित पेट्रोल मोटारीत तुंबलेला फिल्टर बदलल्याने इंधनाची बचत होत नाही, मात्र वेग घेण्याच्या कालावधीत सुमारे ६ ते ११ टक्के सुधारणा होते, असे त्यात आढळले. ही तुलना तुंबलेल्या व नव्या साध्या फिल्टरमधील आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. महागड्या फिल्टरचे श्रेय म्हणून जे अनुभवास येते त्याचा मोठा भाग अनेकदा जुना मळलेला फिल्टर काढून टाकल्याचा असतो. यात आवाजाची भर पडते. मूळ डबीतील आवाज दाबणारे कप्पे निघून गेल्याने इंजिनाची गर्जना वाढते आणि कानाला शक्ती वाढल्याचा भास होतो.

संगणकीय ट्यूनिंगचा कालखंड

१९८० च्या दशकात इंधन व प्रज्वलन यांचे नियंत्रण संगणकाकडे गेले आणि कारागिराच्या हातातील स्क्रू-ड्रायव्हरची जागा चिपने घेतली. १९८७ च्या ब्यूइक ग्रँड नॅशनल या टर्बो मोटारीची शक्ती कारखान्याने २४५ अश्वशक्ती सांगितली होती. अशा मोटारीत चिप बदलून टर्बोचा दाब वाढविता येत असे व मिळणारी वाढ भरीव असे. कारण येथेही कारखान्याने टिकाऊपणासाठी शक्ती राखून ठेवली होती. याउलट, टर्बो नसलेल्या इंजिनात हवेचे प्रमाण ट्यूनिंगने वाढत नाही. प्रज्वलनाची वेळ व मिश्रण यांत थोडाफार बदल करून आणि अधिक ऑक्टेनचे पेट्रोल वापरून जे मिळते तेवढेच. म्हणून ‘ट्यूनिंगने शक्ती वाढते का’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. टर्बो मोटारीत ती वाढते, आणि त्याची किंमत इंजिनावरील वाढत्या ताणाच्या रूपाने मोजावी लागते; साध्या मोटारीत ती नाममात्र वाढते.

मोजमापाचा प्रश्न : कंपन्याही अपवाद नव्हत्या

१९९० च्या दशकात चाकांवरील शक्ती मोजणारे चॅसिस डायनॅमोमीटर लहान गॅरेजपर्यंत पोहोचले. यामुळे सत्य सर्वांना उपलब्ध झाले असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु टायरमधील हवा, इंजिनाचे तापमान, उघडे बॉनेट व समोरचा पंखा यांनुसार आकडे बदलतात. एवढेच नव्हे, तर हवामानाची दुरुस्ती जुन्या प्रमाणानुसार केली की नव्या, यामुळेच सुमारे ४ टक्के फरक पडतो. म्हणजेच दोन टक्क्यांचा लाभ सिद्ध करण्यासाठी वापरलेल्या मापात चार टक्क्यांची मोकळीक होती. एका मापाने ‘आधी’ व दुसऱ्या मापाने ‘नंतर’ मोजले, तर मोटारीला हातही न लावता शक्ती वाढते.

असे असले तरी या साधनाने एक मोठे सामाजिक कार्य केले. फोर्डने १९९९ च्या मस्टँग कोब्रा मोटारीची शक्ती ३२० अश्वशक्ती जाहीर केली होती. खरेदीदारांनी चाचण्या करून ती कमी असल्याचे दाखवून दिले. ऑगस्ट १९९९ मध्ये फोर्डने विक्री थांबविली आणि विकलेल्या मोटारी परत बोलावून त्यांचे इन्टेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्टचे भाग व संगणकाचे नियंत्रण बदलून दिले. २००१ मध्ये माझदाने मियाटा मोटारीची शक्ती १५५ वरून १४२ अश्वशक्तीवर आणली आणि ग्राहकांना मोटार परत घेण्याची तयारी दर्शविली. २००५ मध्ये सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनीअर्सने स्वतंत्र साक्षीदारासमोर चाचणी करण्याची ऐच्छिक पद्धत सुरू केली. त्याच सुमारास नव्या नियमांनी केलेल्या मोजणीत टोयोटा कॅमरीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा आकडा २१० वरून १९० वर आला, तर कॉर्व्हेट झेड-०६ चा ५०० वरून ५०५ वर गेला. इंजिने बदलली नव्हती. मोजणारा बदलला होता.

कायदा आणि सार्वजनिक आरोग्य

१९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने प्रदूषण-नियंत्रण साधने निकामी करण्यास उत्पादक व विक्रेते यांना मनाई केली. १९७७ मध्ये ही मनाई दुरुस्ती-व्यावसायिकांना आणि १९९० मध्ये सर्व व्यक्तींना व असे सुटे भाग बनविणाऱ्यांनाही लागू झाली. कॅलिफोर्निया राज्यात हवा-नलिकेसारख्या भागांना कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा सूट-आदेश मिळवावा लागतो. हा आदेश त्या भागामुळे प्रदूषण वाढत नाही एवढेच सांगतो. शक्ती वाढते याची ग्वाही तो देत नाही. तरीही जाहिरातीत त्याचा उल्लेख गुणवत्तेच्या शिक्क्यासारखा केला जातो.

ट्यूनिंगची गंभीर बाजू डिझेल वाहनांत दिसून आली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मधील अहवालात असा अंदाज मांडला की, सुमारे दशकभरात ५,५०,००० हून अधिक डिझेल पिकअप ट्रकमधील प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आल्या होत्या. या वाहनांच्या आयुष्यभरात ५,७०,००० टनांहून अधिक जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत मिसळेल, असे त्यात नमूद होते. शक्ती येथे खरोखर वाढली असेलही, पण तिचे मूल्य वाहनमालकाने नव्हे, तर रस्त्याकडेला राहणाऱ्या अनोळखी माणसाच्या फुप्फुसाने चुकते केले. पेट्रोल मोटारीवरील निरुपद्रवी फिल्टर आणि डिझेल वाहनातील ही मोडतोड यांना ‘सुधारणा’ हा एकच शब्द लावला जातो, ही बाब चिंताजनक आहे.

निष्कर्ष :

१) अश्वशक्ती हे परिमाण आरंभापासून विक्रीशी निगडित असून दावा व मापन यांतील अंतर त्याच्या इतिहासात कायम राहिले आहे.
२) १९३० व १९४० च्या दशकांत सुधारणांमुळे शक्ती निश्चितपणे वाढत असे, कारण मूळ इंजिनाचा श्वासमार्ग अरुंद होता आणि परीक्षा घड्याळावर होत असे.
३) १९७२ मधील मापनबदलाचा चुकीचा अर्थ लावला गेल्यामुळे ‘हरवलेली शक्ती’ ही कल्पना रूढ झाली व व्यवसायाला तिचा लाभ झाला.
४) आधुनिक टर्बोविरहित मोटारीत हवा-नलिकेचा लाभ बहुधा काही टक्क्यांपुरता असतो, तो मापनातील फरकाहून मोठा असेलच असे नाही. टर्बो मोटारीत ट्यूनिंगचा लाभ वास्तविक असतो.
५) फसगत केवळ सुट्या भागांच्या विक्रेत्यांपुरती मर्यादित नव्हती, मोठ्या कंपन्यांचे आकडेही स्वतंत्र तपासणीपुढे टिकले नाहीत.

समारोप :

हवा-नलिका व ट्यूनिंग यांमुळे शक्ती वाढते का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देणारा प्रत्येक जण अर्धेच सांगत असतो. कोणत्या इंजिनात, कोणत्या मापाने आणि कोणाच्या साक्षीने, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ प्राप्त होत नाही. आकडा छापला गेला की तो वस्तुनिष्ठ वाटू लागतो. वस्तुतः प्रत्येक आकड्यामागे तो मोजणारी एक व्यक्ती, एक पद्धत आणि बहुधा एक हितसंबंध उभा असतो. इतिहासाचा अभ्यासक दस्तऐवजाकडे ज्या सावध नजरेने पाहतो, त्याच नजरेने आकड्याकडेही पाहणे आवश्यक आहे, हेच या अभ्यासातून अधोरेखित होते.